डायलिसिसवरची स्त्री आणि गमावलेले आयुष्य

कृत्रिम मूत्रपिंडाने मृत्यूच्या दारातून परत आणलेला पहिला ठळक रुग्ण म्हणजे एक स्त्री. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन या गावी, डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनाचे सेलोफेन फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून रक्त गाळणारे यंत्र तयार केले. १९४३ पासूनचे त्यांचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५च्या सप्टेंबरात मात्र ६७ वर्षांच्या सोफिया शाफस्टाट शुद्धीवर आल्या आणि पुढे सुमारे सात वर्षे जगल्या. पण पुढच्या काळात या उपचाराचे निकष आणि मापे ठरताना स्त्रीच्या शरीराचा वेगळा विचार फारसा झाला नाही. डायलिसिसवरच्या स्त्रीच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा, तर जनुकांइतकाच हा इतिहासही तपासावा लागतो.

१९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी रुग्णाच्या हातात कायम बसवली आणि डायलिसिस वर्षानुवर्षे चालणारा उपचार झाला. यंत्रे मोजकी असल्याने तो कोणाला द्यायचा, हे नागरिकांची एक समिती ठरवू लागली. १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकात शाना अलेक्झांडर यांनी तिचे निकष उघड केले: वय, लिंग, वैवाहिक स्थिती, मिळकत, व्यवसाय. कमाई तोलणाऱ्या या तराजूत घर सांभाळणाऱ्या बाईचे पारडे हलकेच राहणार होते. १९७२च्या कायद्याने अमेरिकेत खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलला आणि अशा निवडीची गरज संपली. पुढे उपचाराची मात्रा शरीरातील पाण्याच्या प्रमाणात मोजण्याची पद्धत रूढ झाली. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असते. त्यामुळे कागदावर मात्रा सारखी दिसली, तरी तिच्या वाट्याला प्रत्यक्षात कमी डायलिसिस येऊ शकते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेमो’ चाचणीत १,८४६ रुग्ण होते. वाढीव मात्रेचा एकंदर लाभ दिसला नाही, पण स्त्रियांच्या गटात मृत्यू कमी आढळले. उपगटात दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. तेवढ्यावरून सर्व स्त्रियांची मात्रा वाढवणे चूक ठरेल. मात्र मोजमापातली ही त्रुटी आणि चाचणीतला तो फरक एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर प्रश्न झटकून टाकता येत नाही.

एरवी बहुतेक समाजांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगतात, आणि त्याचे कारण अनेकदा जनुकांत शोधले जाते. डायलिसिसवर ही आघाडी जवळजवळ पुसली जाते, हे २०१४ मध्ये १२ देशांतील रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले. पण उपचार सुरू झाल्याने कोणाची जनुके बदलत नाहीत. बदलते ते रक्ताभोवतीचे वातावरण, आणि त्यात दाह मुख्य. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे दाहाचे निदर्शक वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका अधिक असतो, हे १९९०च्या दशकाअखेर स्पष्ट झाले. कुपोषण, दाह आणि धमन्यांचा काठिण्यविकार एकमेकांना पोसतात, हे स्टॉकहोमच्या पीटर स्टेनव्हिंकेल व सहकाऱ्यांनी मांडले. त्यातच रक्त यंत्रात नेण्यासाठी स्त्रियांमध्ये फिस्टुलाऐवजी (हातातली धमनी व शीर जोडून केलेला मार्ग) कॅथेटर (मोठ्या शिरेत घातलेली नळी) वापरण्याचे प्रमाण जास्त असते. कॅथेटरमुळे जंतुसंसर्गाचा, म्हणून दाहाचाही, धोका वाढतो.

यावर कोणी म्हणेल की दाहाची तीव्रताही अखेर जनुकेच ठरवतात. यात तथ्य आहे. इंटरल्यूकिन-६ या दाहकारक प्रथिनाच्या जनुकातील भेद डायलिसिसच्या रुग्णांत तपासले गेले आहेत, पण निष्कर्ष एकसारखे निघालेले नाहीत. शिवाय लवकर येणारी रजोनिवृत्ती, मधुमेह, हृदयविकार हेही या हिशेबात आहेत. तेव्हा सारा दोष उपचारावर टाकणे अन्यायाचे होईल. पण जनुक फार तर कल सांगते. त्या कलाला धग देणाऱ्या कितीतरी गोष्टी आपल्या हातात असतात. फिस्टुला वेळेवर करणे, मात्रा स्त्रीच्या शरीराला जुळवणे, दाहावर नियमित लक्ष ठेवणे आणि प्रत्येक अभ्यासात स्त्रियांचे निष्कर्ष वेगळे मांडणे, यांतल्या कशासाठीही नव्या जनुकाच्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. भारतात २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचू लागला आहे. तिथल्या नोंदवहीत स्त्रियांचा रकाना पहिल्या दिवसापासून वेगळा असायलाच हवा.