बादलीतलं समुद्राचं पाणी आणि वहीतला आकडा



सोयाबीन वीस दिवसांचं झालंय. वाफसा नाही, त्यामुळं कोळपणी थांबलेली. शेताची नोंद आज एवढीच. हाताला काम नाही म्हणून चार दिवस एक वेगळीच गोष्ट वाचत बसलो. धाकटी पुण्याहून आलीय, जिथं इंग्रजी अडलं तिथं तिनं सांगितलं. विषय जुन्या जहाजांवरच्या वह्यांचा आहे. आपलं आणि जहाजांचं काय, असं वाटेल. पण आपला पाऊस समुद्रावरनं येतो, आणि नाही आला तर त्याचं कारणही बऱ्याचदा समुद्रातच असतं.

जहाजावर रोज जी वही लिहीत तिला लॉगबुक म्हणतात. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग काढायला दोरीला लाकडाची फळी बांधून पाण्यात सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. ठरल्या वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं. म्हणून जहाजाच्या वेगाला अजून नॉट म्हणतात, नॉट म्हणजे गाठ. हा वेग ज्या वहीत मांडायचा ती लॉगबुक. त्याच्या जोडीला दिशा, वारा, आभाळ, आणि पुढं हवेचा दाब, तापमान हेही आलं. पहाऱ्यावर जो असेल त्यानं ठरल्या तासाला लिहायचंच. हवामानशास्त्राची आवड म्हणून नव्हे हो. जमीन दिसत नसताना आपण कुठं आहोत याचा हिशेब त्या वहीवरच चालायचा. हिशेब चुकला तर जहाज खडकावर.

वाऱ्याला यंत्र नव्हतं. इंग्रज आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टनं 1806 च्या सुमारास 0 ते 12 अशी मोजपट्टी केली. 0 म्हणजे पान हलत नाही, 12 म्हणजे एकही शीड टिकणार नाही. मधले आकडे जहाजानं किती शिडं उभी ठेवली यावरून. आपण खळ्यावर उपणताना भूस किती लांब पडतं ते बघून वारा ओळखायचो, तसलाच प्रकार. फरक एवढाच की त्यांनी तो आकड्यात लिहून ठेवला.

या वह्यांचा उपयोग पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केला तो अमेरिकी आरमारातल्या मॅथ्यू मॉरीनं. 1839 साली घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय अधू झाला, समुद्रावर जाणं बंद झालं. 1842 पासून तो आरमाराच्या नकाशांच्या कोठारावर होता. तिथं जुन्या वह्यांचे ढीग पडलेले. त्यानं त्यातनं वारे आणि प्रवाह काढून नकाशे केले. ते नकाशे कप्तानांना फुकट द्यायचा, बदल्यात तुमची वही मला द्या म्हणायचा. 1853 साली ब्रुसेल्सला अनेक देशांची माणसं जमली आणि वही कशी लिहायची याचा एक नमुना ठरला.

हिंदुस्थानातलंही एक उदाहरण आहे. कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन नावाचा इंग्रज होता. वादळात सापडलेल्या जहाजांच्या वह्या तो जमवायचा आणि कुठल्या जहाजाला कुठल्या वेळी कुठून वारा लागला हे नकाशावर मांडायचा. त्यातनं दिसलं की वादळातला वारा सरळ जात नाही, गोल फिरतो. 1848 च्या पुस्तकात त्यानं या वादळाला सायक्लोन हे नाव दिलं. आज टीव्हीवर ऐकतो तो शब्द असा वह्यांतून निघालाय.

आता आपल्या घराजवळचं. 1876 ते 78 चा दुष्काळ. नगर, सोलापूर, पुणे, सातारा या भागानं जे भोगलं ते पुस्तकात आहे, आणि काही घरांत अजून सांगितलं जातं. हिंदुस्थानभर लाखो माणसं गेली. त्याच काळात चीनमध्ये, ब्राझीलमध्येही पाऊस नव्हता. हे सगळं एकदम का झालं? 2018 साली दीप्ती सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास छापला. 1877-78 साली प्रशांत महासागर फार तापलेला होता, म्हणजे जबरदस्त एल निनो. त्याला जोडून 1877 साली हिंदी महासागरातही पश्चिमेला गरम, पूर्वेला गार अशी मोठी उलथापालथ. आता प्रश्न असा की 1877 साली भर समुद्रातल्या पाण्याची ऊब कुणी मोजली? उपग्रह नव्हते, तरंगती यंत्रं नव्हती. मोजली ती जहाजावरच्या माणसांनी. बादली दोरीनं खाली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा, आकडा लिहायचा. त्या माणसाला आपल्या दुष्काळाची गंधवार्ता नव्हती. मला हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. (त्या काळात धान्य बाहेर पाठवणं चालूच होतं, तो दोष समुद्राचा नाही, हेही इथंच लिहून ठेवतो.)

अडचण अशी की अशा वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे कुणी उघडलेच नव्हते. हातानं लिहिलेलं, शाई उडालेली, यंत्राला वाचता येत नाही. मग ऑक्टोबर 2010 मध्ये इंग्लंडमध्ये ‘ओल्ड वेदर’ नावाचं काम सुरू झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या इंग्रज आरमाराच्या वह्यांचे फोटो इंटरनेटवर ठेवले आणि लोकांना सांगितलं, वाचा आणि आकडे उतरवा. पगार नाही. निवृत्त मास्तर असो की घर सांभाळणारी बाई, कुणीही बसावं. एक जहाज निवडायचं, त्याच्यावर शिकाऊ म्हणून चढायचं, आणि ज्याची पानं सगळ्यात जास्त तो त्या जहाजाचा कप्तान. दुसऱ्यानं जास्त पानं केली की कप्तानपद गेलं! 2012 पर्यंत 16,000 वर माणसांनी मिळून 16 लाखांच्या आसपास हवामानाच्या नोंदी उतरवल्या. त्यानंतर अमेरिकेची जहाजं घेतली, जास्त करून उत्तरेच्या बर्फातली.

त्यातलं एक जीनेट. जुलै 1879 मध्ये 33 माणसं घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि सप्टेंबरात बर्फात अडकलं. पावणेदोन वर्षं बर्फाबरोबर वाहत गेलं. जागा सोडता येत नाही, करायला काही नाही, तरी वारा, दाब, तापमान यांच्या नोंदी चालूच. जून 1881 मध्ये बर्फानं जहाज चिरडून बुडवलं. कप्तान डी लाँगनं माणसांना बोटी ओढत बर्फावरनं नेलं, आणि या वह्याही बरोबर घेतल्या. खायला कमी, पाय सुजलेले, आणि ओझ्यात वह्या! सैबेरियात लीना नदीच्या मुखाशी पोचल्यावर त्यांना त्या किनाऱ्यावर ठेवून पुढं जावं लागलं. डी लाँग उपासमारीनं तिथंच गेला. 33 पैकी 20 जण परत आले नाहीत. मेलव्हिल नावाचा त्यांचा इंजिनिअर वाचला होता. त्यानं मागं जाऊन वह्या शोधून आणल्या. त्या वेळी उत्तरेकडं किती बर्फ होता, किती थंडी होती, हे आज त्यातनं बघतात.

वहीत नुसतं हवामान नसतं. रोज आजारी किती तेही असतं. 1918 च्या ऑगस्टमध्ये मंटुआ नावाचं जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला फ्रीटाउनला आलं, आणि तिथं इन्फ्लुएंझा उतरला. मग तिथल्या आफ्रिका नावाच्या युद्धनौकेवर तो पसरला आणि पन्नासच्या आसपास खलाशी मेले. हीच आपल्याकडची मानमोडी. उतरवून घेणारे लोक तापमान शोधायला बसलेले, आणि पानापानाला आजाऱ्यांचा आकडा वाढताना बघायचे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. ओल्ड वेदरमध्ये एक पान एकाला देत नसत. तिघांनी वेगवेगळं वाचायचं, आणि जुळलं तर घ्यायचं. वहीत उघड चूक दिसली तरी सुधारायची नाही, आहे तसं लिहायचं. एवढा काटेकोरपणा कशाला, असं मलाही वाटलं. मग पुढचं वाचलं. जपानी जहाजांच्या जुन्या नोंदींत समुद्राचं तापमान दशांशापर्यंत होतं. पुढं त्या नोंदी यंत्रात चढवताना कुणीतरी पॉइंटनंतरचा आकडा गाळला. 17.8 चे 17 झाले. एका नोंदीत काय बिघडतं? पण सगळ्याच नोंदी खालच्या बाजूला गेल्या, आणि उत्तर प्रशांत महासागर होता त्यापेक्षा साधारण तिसरा हिस्सा अंशानं गार दिसायला लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अटलांटिक भराभर तापला आणि प्रशांत मागं राहिला, याची कारणं शास्त्रज्ञ कित्येक वर्षं शोधत होते. 2019 साली हार्वर्ड आणि साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी दाखवलं की त्यातला बराच फरक समुद्रात नव्हताच, कागदावर होता.

बादलीचंही तसंच. लाकडी बादली सोडून कापडी बादली आली की पाणी झिरपून वाऱ्यानं गार होतं, आपल्या माठासारखं. म्हणून बादली कशाची होती हेसुद्धा आता शोधावं लागतं.

हे वाचून मी माझी पावसाची वही काढली. 2011 पासून लिहितोय. दहा वर्षं मी पॉइंटनंतरचा आकडा सोडतच होतो, कोण बघतंय म्हणून. आणि 2016 च्या श्रावणात भाचीच्या लग्नाची बोलणी होती, चार दिवस घरी नव्हतो. आल्यावर शेजाऱ्याला विचारून चारही दिवस भरून टाकलेत, एकाच पेनानं, एकाच बैठकीत. बघितलं की लगेच कळतं.

त्या चार ओळींच्या समोर काल लाल पेनानं ‘अंदाजे, मोजलेलं नाही’ असं लिहिलं. आजचा पाऊस 11.4 मिमी, सकाळी आठला मोजला.