सिंहगडचा कडा आणि घोरपड

गेल्या दिवाळींत नरखेड तालुक्यांतील आमच्या गांवीं संत्र्याच्या बागेंत बांधावरून एक घोरपड सळसळत गेली. बरोबर असलेला माझा भाचा तत्काळ म्हणाला, "मामाजी, हिलाच दोर बांधून तानाजी गड चढला ना?" आदल्याच रात्रीं त्यानें 'बॅसिलिस्क' ही जपानी चित्रमालिका पाहिली होती, तेव्हां निंजा, सरडा आणि तानाजी हीं तिन्हीं त्याच्या डोक्यांत एकत्र घोळत होतीं. मीं त्यास दिलेलें उत्तर येथें जरा विस्तारानें मांडतों.

प्रथम जपानी कथेचें पाहूं. यामादा फुतारो यांची कादंबरी १९५८-५९ सालची. तिच्यावरून ही मालिका २००५ सालीं निघाली. कथेंतील काळ १६१४ चा. शोगुनपदाच्या वारसाचा प्रश्न सोडविण्यासाठीं इगा व कोगा येथील दोन निंजा घराण्यांचे दहा-दहा वीर परस्परांचा संहार करतात. त्यांतील एकाच्या नजरेंत असें सामर्थ्य कीं, मारावयास आलेला स्वतःच्याच शस्त्रानें मरतो. युरोपच्या जुन्या दंतकथांतील बॅसिलिस्क हाहि दृष्टिक्षेपानें प्राण घेणारा सर्पराज होय.

लिनियसनें १७५८ सालीं हें भयंकर नांव डोक्यावर तुरा असलेल्या एका अमेरिकन सरड्यास दिलें. तो बिचारा नजरेनें कोणासहि मारीत नाहीं. मात्र पाण्यावरून धांवतो, हें अगदीं खरें. त्याच्या मागल्या पायांच्या बोटांस झालर असते. पाय पाण्यावर आपटला कीं खालीं हवेची पोकळी होते, आणि ती मिटण्यापूर्वींच तो पाय वर ओढून घेतो. ग्लॅशीन व मॅकमहॉन या शास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं असा हिशेब मांडला कीं, ८० किलो वजनाच्या मनुष्यास असें धांवावयाचें तर सेकंदास सुमारें ३० मीटर वेग लागेल. निसर्गांतील चमत्कारास कारण असतें, तशी मर्यादाहि असते.

निंजांच्या कथेस ती मर्यादा राहिली नाहीं. इगा-कोगांच्या विद्येचा 'बानसेनशुकाई' हा ग्रंथ १६७६ सालचा. त्यांत वेषांतर, हेरगिरी, भिंती चढण्याचीं साधनें यांचें वर्णन आहे. परंतु आरंभीं उपदेश आहे तो शुद्ध मनाचा. पुढील कथाकारांनीं मंत्रतंत्र ठेवले आणि हा उपदेश गाळला.

आतां आपल्या घरीं येऊं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे यांनीं कोंढाणा घेतला व तेथेंच देह ठेवला. कृष्णाजी अनंत सभासदानें त्यानंतर अवघ्या एका पिढीच्या आंत आपली बखर लिहिली. ती सांगते कीं, दोन मर्दाने मावळे निवडून कड्यावर चढविले. वानर चढावे तसे ते चढले. मग वरून केलेल्या सोयीनें तानाजींसह इतर वर गेले. या वर्णनांत घोरपड नाहीं. ती येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांत. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेंत तर हीच हकीकत बहामनी काळांतील खेळणा किल्ल्यासंबंधीं सांगतात. एकच गोष्ट दोन गडांवर, दोन शतकांच्या अंतरानें भेटावी, यावरून ती फिरती आख्यायिका असावी, असें मला वाटतें.

घोरपडीची पकड बळकट, हें खोटें नव्हे. फटींत शिरून अंग फुगविलें कीं तिला ओढून काढणें कठीण. पण ती नेमकी हव्या त्या ठिकाणीं चढेल आणि सशस्त्र मनुष्याचा भार सोसेपर्यंत तेथेंच थांबेल, हा भरंवसा कोण देईल? शाहिरास मी दोष देत नाहीं. ऐकणाऱ्यांच्या अंगावर रोमांच उभे करणें हें त्याचें काम, आणि तें त्यानें उत्तम केलें. दोष आपला, आपण काव्य तेवढें ऐकलें आणि बखर कपाटांत ठेवली.

यांत नुकसान दोघांचें झालें. घोरपडीचें तेल सांध्यांस गुणकारी, तिचा अवयव 'हाथाजोडी' म्हणून तिजोरींत ठेवल्यास धन वाढतें, अशा समजुतींपायीं तिची हत्या होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला पहिल्या अनुसूचींत स्थान दिलें असूनहि होते. अद्भुत सामर्थ्य चिकटविलेल्या प्राण्यास तें सामर्थ्य असें भोंवतें. दुसरें नुकसान त्या दोन मावळ्यांचें. काळोखांत, केवळ हातापायांच्या बळावर, खालीं दरी असतां ते कडा चढले; श्रेय मात्र एका सरपटणाऱ्या जीवाच्या पदरीं पडलें.

हें सारें ऐकून भाचा हिरमुसेल असें मला वाटलें होतें. तो कांहीं वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मामाजी, म्हणजे तें जास्तच कठीण होतं. त्या दोघांचीं नांवं काय?"

सभासदानें तीं दिलेलीं नाहींत. घोरपडीचें 'यशवंती' हें नांव मात्र आपल्या घरांतील प्रत्येक मुलास पाठ आहे.