बघ्यांची निष्क्रियता
संकटग्रस्ताभोवती माणसे जितकी अधिक, तितकी त्यांपैकी एखाद्याने मदतीस धावण्याची शक्यता कमी, असे मांडणारी सामाजिक मानसशास्त्रातील संकल्पना. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीची हत्या ३८ जण नुसते पाहत राहिले, हे वृत्त पुढे अतिरंजित ठरले, तरी त्यातूनच जॉन डार्ली व बिब लाताने यांचे संशोधन सुरू झाले. १९६८ च्या त्यांच्या प्रयोगात ध्वनियंत्रणेवरून सहभागी व्यक्तीला झटका आल्याचे ऐकताच, आपण एकटेच ऐकत आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका संपण्यापूर्वीच मदतीस निघाले. आणखी चौघे ऐकत आहेत असे समजणाऱ्यांपैकी मात्र ३१ टक्केच. याचे मुख्य कारण जबाबदारीचे विसरण, म्हणजे ती अनेकांत विभागली जाऊन कोणालाच स्वतःची न वाटणे. शिवाय प्रसंग संदिग्ध असल्यास प्रत्येकजण इतरांच्या शांत चेहऱ्यावरून धोका नसल्याचा निष्कर्ष काढतो. या वर्तनास निर्दयता म्हणणे अन्यायाचे आहे, कारण प्रयोगात जागचे न हललेल्यांचेही हात थरथरत होते. भारतात रस्ते-अपघातांच्या वेळी पोलीस-कचेरीच्या ससेमिऱ्याची भीतीही आड येते. म्हणून २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण दिले.