कंसातले साल

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात शिरपूरच्या आमच्या घराच्या माळ्यावरून दोन पत्र्याच्या पेट्या खाली उतरवल्या. छत गळू लागले होते, म्हणून. पेट्यांत सिनेमाच्या तबकड्या होत्या. काही डीव्हीडी, बहुतेक व्हीसीडी, आणि तळाशी बुरशी धरलेल्या चौदा व्हिडिओ कॅसेट. मुलगा सुटीवर आला होता. त्याने जुन्या संगणकात मोठी हार्ड डिस्क बसवली, त्यावर जेलीफिन नावाची फुकट मिळणारी प्रणाली चढवली आणि म्हणाला, "नाना, सगळं ह्याच्यात उतरवा. घरातल्या कुठल्याही टीव्हीवर लागेल. फक्त फोल्डर तेवढे नीट करा."

त्या 'फक्त'मध्ये माझे पुढचे दीड वर्ष गेले.

नियम सोपा आहे. प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर. फोल्डरला चित्रपटाचे नाव, त्यापुढे कंसात प्रदर्शनाचे साल, आणि आतल्या फाइलला अगदी तेच नाव. प्रणाली ते नाव आणि साल वाचते, इंटरनेटवरच्या एका भल्यामोठ्या चित्रपटसूचीत शोधते आणि पोस्टर, नटनटी, दिग्दर्शक, कथासार अशी सगळी माहिती आणून चिकटवते. साल दिले नाही तर ती अंदाज करते. आणि अंदाज चुकला तरी कळवत नाही. चुकीचे पोस्टर बरोबर पोस्टरइतकेच ठसठशीत दिसते.

पहिला फटका 'श्यामची आई'ने दिला. माझ्याकडे आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट होता. वनमालाबाई आणि माधव वझे यांचा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा. फोल्डरवर मी नुसते नाव लिहिले. टीव्हीवर पाहतो तर पोस्टर २०२३ च्या, सुजय डहाके यांच्या चित्रपटाचे. तोही कृष्णधवल! घरात कोणाला शंकाही आली नाही. साने गुरुजी तापीपलीकडे अमळनेरला शिक्षक होते, आमच्या भागात त्यांच्या गोष्टीवर वाढलेली माणसे घरोघरी आहेत. पण वनमालाबाईंचे नाव पडद्यावरून गेले हे कोणाच्या लक्षात आले नाही. कंसात १९५३ घातले आणि अत्रे परत आले.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जे काही शिकलो ते धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसून. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांसाठी १९२७ साली हे मंडळ उभे राहिले. जुनी मराठी पत्रे वाचू लागलेल्या माणसाला पहिली ठेच लागते ती तारखेची. पत्राच्या शेवटी मुसलमानी महिना असतो, चंद्राची तारीख असते, साल मात्र पुष्कळदा नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला? संशोधकाला मात्र पत्रातल्या स्वाऱ्यांवरून, मृत्यूंवरून, वारावरून साल काढावे लागते. एक साल चुकले की मेलेला सरदार लढाईला निघतो. 'श्यामची आई'चे पोस्टर बदलले त्या दिवशी मला ते कागद आठवले, आणि मुलाने सांगितलेले काम माझ्या ओळखीचे वाटू लागले.

व्हीसीडीवाल्यांनीही साल लिहिलेले नसते. वेष्टनावर नायक-नायिकेचे फोटो आणि गाण्यांची यादी असते, झाले. आतला कारभार तर अजब. तबकडी संगणकात उघडली की एक ठरावीक फोल्डर दिसतो आणि त्यात एव्हीसेक-०१ अशा नावाची फाइल. 'पिंजरा' असो की 'सांगत्ये ऐका', प्रत्येक तबकडीत फाइलचे नाव तेच. एका तबकडीत सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटे मावत, म्हणून एक चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत चिरलेला. मध्यंतर एकीकडे, तबकडीचा शेवट भलतीकडे. हे तुकडे एका फोल्डरात ठेवून नावाच्या शेवटी सीडी-१, सीडी-२ असे जोडले की प्रणाली ते सलग दाखवते. हे कळायला मला आठवडा लागला. त्या आठवड्यात जे झाले ते पुढे सांगतो.

साल म्हणजे तरी कोणते? चित्रीकरणाचे, सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचे, की प्रदर्शनाचे? डॉ. जब्बार पटेल यांच्या 'सामना'ला १९७४ च्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि बर्लिनच्या महोत्सवात तो १९७५ साली गेला; दोन्ही साले तुम्हांला छापलेली सापडतील. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ऑस्करसाठी भारतातर्फे निवडली गेली २००९ मध्ये, आपल्याकडे चित्रपटगृहांत लागली जानेवारी २०१० मध्ये. माझा भरवसा सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर. चित्रपटाच्या आरंभी काही क्षण ते पडद्यावर येते. तारीख, लांबी, रिळांची संख्या. पोथीच्या शेवटी लेखनिक जसा शके आणि गाव लिहितो, तशीच ती नोंद. माझ्या कितीतरी व्हीसीडींतून ती पाटी कापलेली होती. चार सेकंद वाचवून त्या मंडळींनी काय मिळवले कोण जाणे.

शिरपुरात राहून स्मिता पाटीलचा वेगळा कप्पा केला नाही तर शेजारी बोलायचे बंद होतील. तिचा जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, आणि गाव तिला आपलीच मानते. कप्पा सालवार लावला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या ज्या नावाच्या क्रमाने कधी दिसल्या नसत्या. 'भूमिका' आणि 'जैत रे जैत' एकाच सालचे, १९७७ चे. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून घेतलेली उषा आणि ठाकरांची चिंधी एकाच वर्षी पडद्यावर आल्या, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. दुसरी गोष्ट, यादी तिच्या मृत्यूशी थांबत नाही. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली. 'मिर्च मसाला' प्रदर्शित झाला १९८७ मध्ये, आणि त्यानंतरही एकेक येत राहिले. पडद्यावर ते फोल्डर ओळीने पाहताना मी थोडा वेळ काम थांबवले होते.

तिच्याच कप्प्यात खरा पेच निघाला. 'उंबरठा' आणि 'सुबह'. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला, १९८२ चा चित्रपट. मराठीत एक, हिंदीत एक. दिग्दर्शक तोच, नायिका तीच. हे एका फोल्डरात ठेवायचे, दोन भाषा म्हणून, की दोन फोल्डरांत? मुलाचे म्हणणे, एक चित्र ठेवा आणि त्यावर दोन ध्वनिपट्ट्या लावा. हल्लीच्या दक्षिणेकडच्या चित्रपटांना ते चालते, कारण तिथे चित्र एकच असते आणि आवाज बदलतो. इथे तसे नाही. मी दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले. प्रसंग पुन्हा चित्रित केलेले आहेत. संवादाला लागणारा वेळ वेगळा, मान वळवण्याचा क्षण वेगळा. एकाचा आवाज दुसऱ्याला लावला तर ओठ जुळत नाहीत. दोन फोल्डर केले.

ही रीत प्रभातची. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' १९३७, 'माणूस' आणि 'आदमी' १९३९, 'शेजारी' आणि 'पडोसी' १९४१. यांना कोणी भाषांतर म्हणत असेल तर त्याने शेवटची जोडी पाहावी. 'शेजारी'त हिंदू म्हातारा केशवराव दाते आणि मुसलमान म्हातारा गजानन जागीरदार. 'पडोसी'त जागीरदार पुन्हा मिर्झाच, पण हिंदू ठाकूर झालेत मझहर खान. हिंदूची भूमिका मुसलमानाने आणि मुसलमानाची हिंदूने केली ती हिंदी आवृत्तीत, मराठीत नव्हे. दोन्ही एका फोल्डरात घातले असते तर शांतारामबापूंनी जाणून केलेली ही अदलाबदल माझ्या घरातून पुसली गेली असती. मझहर खान यांच्या चेहऱ्याखाली केशवराव दात्यांचे नाव आले असते.

उलट बाजूही आहे. एकाच चित्रपटाच्या दोन प्रती वेगवेगळ्या मोलाच्या असू शकतात. 'मंथन' (१९७६), गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला. त्याची दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. माझ्याकडची जुनी तबकडी विटकी आहे. नवी स्वच्छ प्रत मिळाली तर जुनी फेकायची का? मी फेकणार नाही. फोल्डर एकच, आत दोन फाइली, नावापुढे आवृत्तीचा शब्द. ज्ञानेश्वरीच्या दोन पोथ्या मिळाल्या म्हणून कोणी जुनी रद्दीत देत नाही.

आता ज्याच्यामुळे या सगळ्या उठाठेवीला वजन आले तो फोल्डर. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे शाळेतला मुलगाही सांगतो. त्याची म्हणून काही मिनिटांची फिल्म इंटरनेटवर सर्वत्र फिरते. मीही उतरवून घेतली आणि कंसात १९१३ घातले. परंतु फाळक्यांनी हाच विषय पुन्हा चित्रित केला होता, १९१७ साली, 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने. आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली पहिली व शेवटची रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाचा जन्मदाखला म्हणून आपण जे हलते चित्र दाखवतो ते कदाचित चार वर्षांनंतरचे आहे, आणि १९१३ चा चित्रपट समूळ गेला आहे. चित्र तेच, राजा तोच, तारामतीच्या वेषातला पुरुषही तसाच. फरक फक्त कंसातल्या आकड्याचा. त्या आकड्यावर एक अख्खा चित्रपट आहे की नाही हे ठरते.

मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून अधिक चित्रपट निघाले. आज पाहता येतात ते मोजके, त्यांतले काही नुसते तुकडे. पी. के. नायर १९६४ नंतर या संग्रहालयासाठी वणवण फिरले, फाळक्यांच्या कुटुंबाकडून 'कालिया मर्दन' (१९१९) ची रिळे मिळवून त्यांनी ती जुळवली, म्हणून मंदाकिनी फाळके आज कृष्ण होऊन नाचताना दिसते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी मूळ प्रती जळाल्या. आधी सुरक्षित फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या ते चित्रपट वाचले. बाकीच्यांचे उरले काय? नाव आणि साल. फिरोझ रंगूनवालांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेली चित्रपटसूची उघडा; पानामागून पान अशा चित्रपटांचे आहे ज्यांचा एक फूटही शिल्लक नाही. सूचीकाराने गाळले असते तर ते निघाले होते हेही कळले नसते.

आता त्या आठवड्याची गोष्ट. माझ्याकडे दोन घरगुती व्हीसीडी होत्या, गल्लीतल्या लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या मुलाने काढलेल्या. एक भाचीच्या लग्नाची. दुसरी कानबाईची, श्रावणात आमच्या घरी कानबाई बसली तेव्हा रात्रभर अहिराणी गाणी झाली होती, आणि मध्यभागी माझी आई म्हणत होती. आई २०११ साली गेली. तबकडीची चकाकी पापुद्र्यासारखी सुटत होती. चार वेळा पुसून, पाचव्या खेपेला ती वाचली गेली आणि फाइल संगणकात उतरली. मग मी लग्नाची तबकडी घातली. तिच्यातल्या फाइलचेही नाव तेच. संगणकाने विचारले, याच नावाची फाइल आहे, बदलू का? रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी होय म्हटले.

कानबाईची तबकडी नंतर कुठल्याही यंत्राने ओळखली नाही. धुळ्याला नेली, मुलाने पुण्याला नेली. नाही म्हणजे नाही.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हरवलेल्या दप्तरांबद्दल हळहळ केली, त्याने आईचा आवाज स्वतःच्या बोटाने पुसला. बायको आठ दिवस काही बोलली नाही, आणि नंतरही तिने तो विषय काढला नाही.

रंगूनवालांची सूची मी त्यानंतर वेगळ्या डोळ्यांनी चाळली. आणि एक फोल्डर केला, कानबाईच्या नावाचा. फाइल नसलेला फोल्डर जेलीफिन दाखवत नाही. टीव्हीवर तो कोणाला दिसणार नाही. आत एक साधे टिपण ठेवले. कोणकोण गात होते, कोणती गाणी झाली, रोट कोणाकडे भाजले, चित्रीकरण कोणी केले, तबकडी कधी गेली आणि कोणामुळे. गाण्यांची नावे मावशीने सांगितली. पुष्कळशी तिला आली, दोन आली नाहीत.

साल मात्र अडले. मावशी म्हणाली, "तवय मन्ही सून पोटुशी होती ना." सून दोनदा पोटुशी होती. थोरली २००५ ची, धाकटा २००७ चा. मावशी एकदा थोरली म्हणते, एकदा धाकटा. सूनबाईंना विचारले तर त्यांना ती रात्र आठवते, पोटात कोण होते ते आठवत नाही. आईच्या अंगावर कोणते लुगडे होते यावरून काही निघते का ते पाहतो आहे; ते २००६ च्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, घेतले असे बहिणीचे म्हणणे आहे. ते खरे धरले तर २००७.

जुनी पत्रे छापणारे संपादक अशा वेळी सालापुढे प्रश्नचिन्ह टाकतात. मीही कंसात २००७ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकायला गेलो. फोल्डरच्या नावात ते चिन्ह चालत नाही असे संगणकाने सांगितले. मग कंसात नुसते २००७ ठेवले, आणि शंका आतल्या टिपणात लिहिली.