श्रद्धा, समुदाय आणि मत : बेंगळुरूच्या ख्रिस्ती विचारपरंपरेतील एक प्रकरण

भारतीय ख्रिस्ती समाजाचा इतिहास मराठीत प्रामुख्याने धर्मांतर, मिशनकार्य आणि साहित्य या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या, ही गोष्ट आपण त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून नोंदवतो. ख्रिस्ती श्रद्धेच्या नागरी अंगाचा तो प्रारंभीचा आविष्कार होता, या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहतो. श्रद्धावान ख्रिस्ती व्यक्तीने पक्षीय राजकारणात आपले मत कोणत्या जबाबदारीने द्यावे, या प्रश्नाला या देशात एक इतिहास आहे. त्यातील एक महत्त्वाचा टप्पा बेंगळुरू शहराशी निगडित असून प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाची पूर्वपीठिका विभक्त मतदारसंघांच्या वादात सापडते. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत के. टी. पॉल यांनी भारतीय ख्रिस्ती समाजासाठी विभक्त मतदारसंघ नकोत, अशी भूमिका मांडली. तथापि १९३५ च्या कायद्याने ते लादलेच. मुंबई प्रांताच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्ती मतदारांसाठी ३ आणि मद्रास प्रांतात ८ जागा ठेवण्यात आल्या. ख्रिस्ती मतदाराने ख्रिस्ती उमेदवारालाच निवडावे, अशी ही रचना होती. तिच्यात मतदाराची सदसद्विवेकबुद्धी त्याच्या समुदायाच्या कुंपणाबाहेर जाऊच शकत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर संविधान सभेपुढे हाच प्रश्न राखीव जागांच्या रूपाने आला. ११ मे १९४९ रोजी सल्लागार समितीत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव मांडला तो हरेंद्रकुमार मुखर्जी यांनी. ते स्वतः बंगाली ख्रिस्ती आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष होते. मंगळूरचे जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसूझा यांचाही या भूमिकेला पाठिंबा होता. पुढे १९५१ मध्ये याच डिसूझा यांनी पुण्यात इंडियन सोशल इन्स्टिट्यूटची स्थापना केली. संरक्षणाची हमी हाती असताना ती सोडून देण्याचा हा निर्णय औदार्याचा म्हणून गौरवला जातो. परंतु त्यातून एक नवे उत्तरदायित्व निर्माण झाले, हे अधिक महत्त्वाचे आहे. आता ख्रिस्ती मतदाराला सर्वांसाठी असलेल्या उमेदवारांतून निवड करावयाची होती, आणि ती कोणत्या निकषावर करावी हे कायदा सांगणार नव्हता.

या निकषाचा पद्धतशीर शोध बेंगळुरूत सुरू झाला. १९५७ मध्ये तेथे धर्म व समाज यांच्या अभ्यासासाठी 'ख्रिश्चन इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ रिलिजन अँड सोसायटी' ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक पी. डी. देवानंदन यांचे १९६२ मध्ये निधन झाल्यावर ती धुरा एम. एम. थॉमस (१९१६–१९९६) यांच्याकडे आली व १९७६ पर्यंत ती त्यांनी वाहिली. थॉमस हे केरळच्या मार थोमा चर्चचे सभासद; धर्मगुरू नव्हेत, सामान्य श्रावक. तरुणपणी त्यांनी आपल्या चर्चकडे धर्मगुरूपदाची दीक्षा आणि कम्युनिस्ट पक्षाकडे सभासदत्व अशी दोन्ही मागितली होती. चर्चने त्यांच्या राजकारणामुळे आणि पक्षाने त्यांच्या श्रद्धेमुळे नकार दिला. ही हकीकत गमतीची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यात त्यांच्या पुढील विचाराचे बीज आहे. श्रद्धेने पक्षाला जवळ करावे, पण पक्षात विरून जाऊ नये, हा तो विचार होय.

युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर ख्रिस्ती लोकशाही पक्ष प्रबळ झाले. थॉमस यांच्या विचाराची दिशा निराळी होती. तारण आणि माणसाचे माणूसपण यांची फारकत करता येत नाही, हे सूत्र त्यांनी १९७१ च्या आपल्या 'साल्व्हेशन अँड ह्यूमनायझेशन' या पुस्तकात विशद केले. चर्च हा आपल्याच हितसंबंधांचा पहारा करणारा आणखी एक जातिसमूह बनला, तर तो आपल्या संदेशाला मुकतो, असा या विवेचनाचा रोख आहे.

या विचाराची कसोटी लगेचच लागली. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ आणि २२ या अनुच्छेदांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित करण्यात आला. अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा अधिकार देणारा ३० वा अनुच्छेद त्या यादीत नव्हता. म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य स्थगित झाले होते, संस्थांचा अधिकार मात्र कागदोपत्री शाबूत होता. शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये चालवणाऱ्या समाजाला मौन बाळगण्यास एवढे कारण पुरेसे होते. १९७६ मध्ये परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा कायदा झाल्यावर त्या मौनाला भीतीचीही जोड मिळाली.

थॉमस यांनी हे मौन मानले नाही. जुलै १९७५ ते फेब्रुवारी १९७७ या काळात त्यांनी केलेले लेखन पुढे 'रिस्पॉन्स टू टिरनी' या नावाने पुस्तकरूपाने आले. त्यांच्याच चर्चचे प्रमुख युहानोन मार थोमा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आपला निषेध कळवला. असे करणारे धर्माध्यक्ष अपवादात्मकच होते. आपल्या संस्था सुरक्षित आहेत म्हणून शेजाऱ्याच्या तुरुंगवासाकडे पाठ फिरवता येत नाही, हा या भूमिकेचा गाभा होता.

मार्च १९७७ च्या निवडणुकीचा कौल मात्र एकसारखा लागला नाही. महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या. कर्नाटकात तिने २८ पैकी २६ जिंकल्या. उरलेल्या दोहोंपैकी एक बेंगळुरू दक्षिण होती, जेथे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती के. एस. हेगडे जनता पक्षातर्फे निवडून आले. ख्रिस्ती लोकसंख्या लक्षणीय असलेल्या केरळात तर सर्व २० जागा काँग्रेसप्रणीत आघाडीकडे गेल्या. थॉमस आणि युहानोन यांचा आवाज त्यांच्याच प्रांतात मतपेटीपर्यंत पोहोचला नाही, असे यावरून म्हणता येईल. परंतु त्यांच्या भूमिकेचे मोल निकालावरून ठरवणे योग्य होणार नाही. मतदाराला सांगण्याजोगे काही त्यांच्यापाशी होते, आणि भीतीच्या काळात ते सांगितले गेले, ही इतिहासाच्या दृष्टीने पुरेशी नोंद आहे.

यानंतरचा अध्याय अधिक अवघड आहे. डिसेंबर १९७८ मध्ये जनता पक्षाचेच खासदार ओ. पी. त्यागी यांनी धर्मांतरावर निर्बंध घालणारे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. देशभर ख्रिस्ती समाजाने त्याला विरोध केला. मदर तेरेसा यांनी पंतप्रधान मोरारजी देसाई यांना पत्र लिहिले. १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने विधेयक बारगळले. लोकशाहीच्या पुनःस्थापनेसाठी ज्या ख्रिस्ती मतदाराने जनता पक्षाला मत दिले, त्याला हाच पक्ष आपल्या श्रद्धेवर उठलेला दिसला. त्याने १९७७ च्या मताचा पश्चात्ताप करावा काय?

हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. अल्पसंख्याकाची भीती काल्पनिक नसते, आणि तिला संकुचितपणा म्हणणे बहुसंख्याकाला सोपे जाते. तरीही, मत हे ज्या पक्षाला दिले त्याच्याशी केलेला आजन्म करार असते, असे गृहीत धरले तरच पश्चात्तापाचा प्रश्न उद्भवतो. १९७७ मध्ये हुकूमशाहीविरुद्ध मत देणे आणि १९७९ मध्ये त्याच सरकारच्या पक्षातील विधेयकाविरुद्ध रस्त्यावर उतरणे यांत विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी निकष एकच होता : माणसाची सदसद्विवेकबुद्धी राज्यसत्तेच्या मुठीत जाता कामा नये.

या विवेचनावरून असे म्हणता येईल की भारतीय ख्रिस्ती विचाराने मताची जबाबदारी दोन टप्प्यांत ओळखली. १९४९ मध्ये समुदायाचे कुंपण सोडले गेले. १९७५ नंतर, संरक्षण देणाऱ्या सत्तेविषयीची कृतज्ञता हा मताचा आधार होऊ शकत नाही, हे काहींनी तरी उच्चारले. पहिला टप्पा संविधानाने कायम केला. दुसरा टप्पा कोणताही कायदा कायम करू शकत नाही. तो प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक मतदाराला, नव्यानेच गाठावा लागतो.