बारा वाजून तेहतीस

वीज गेली म्हणजे ती कमी पडली असणार, हे लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला पाठ आहे. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगाल भरदुपारी बंद पडले, तेव्हा वीज मुबलक होती. (वेळा स्पेनच्या.)

27 एप्रिल, संध्याकाळ. उद्या ग्रिडचं व्होल्टेज सांभाळायला नेमलेल्या मोठ्या केंद्रांपैकी दक्षिणेतलं एक केंद्र 'जमणार नाही' असं कळवतं. बदली नेमत नाहीत. उरलेल्यांची संख्या त्या वर्षातली सर्वांत कमी.

28 एप्रिल, 12:03. ग्रिड झोके घेऊ लागतं. काही मिनिटांत शांत होतं. 12:19 ला पुन्हा तेच. नियंत्रण कक्ष ठरलेले उपाय करतो : बंद ठेवलेल्या वाहिन्या जोडतो, फ्रान्सला जाणारी वीज कमी करतो. झोके थांबतात. पण रात्री सगळ्यांचे नळ बंद असले की पाइपातला दाब चढतो ना, तसं कमी भाराच्या वाहिन्यांवर व्होल्टेज चढतं. औषधानेच नवा ताप आणला.

12:30. निम्म्याहून अधिक वीज सौर. हे प्रकल्प व्होल्टेज धरून ठेवू शकले असते, पण नियमाने त्यांच्याकडे ते कामच दिलेलं नव्हतं. सगळा दोष उन्हाच्या माथी मारणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

12:32:57. ग्रनाडाजवळ एक ट्रान्सफॉर्मर सुटतो. 355 मेगावॉट गेले.

12:33:16. बादाखोसमधले सौर प्रकल्प.

12:33:17. सेव्हिया, वेल्वा, सेगोव्हिया...

व्होल्टेज जास्त झालं म्हणून प्रकल्प स्वतःला वाचवायला बाहेर पडतो, आणि तो गेला की व्होल्टेज आणखी चढतं. आता फ्रिक्वेन्सीही कोसळतेय, म्हणून यंत्रणा आपोआप ग्राहक तोडते. भार हलका झाला, व्होल्टेज अजून वर!

12:33:24. संपलं. पहिल्या ट्रान्सफॉर्मरपासून 27 सेकंद.

माद्रिदच्या टेनिस स्पर्धेत तारांवरचा कॅमेरा कोर्टावर लोंबकळत राहिला. मेट्रोचे प्रवासी बोगद्यातून चालत निघाले. मोबाइल मुके झाले, तेव्हा लोक उभ्या गाडीच्या उघड्या दाराशी घोळका करून रेडिओ ऐकू लागले. बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरला अचानक गिऱ्हाईक आलं.

12:44. फ्रान्सकडून पहिली वाहिनी जिवंत. 13:04 ला मोरोक्कोकडून. बाहेरची वीज न घेता सुरू होणारी जलविद्युत केंद्रं जागी केली, आणि तुकड्या-तुकड्याने जाळं जोडत नेलं.

29 एप्रिल, 00:22. पोर्तुगालचं पारेषण जाळं पूर्ववत. स्पेनला पहाटेचे 4 वाजले.

जूनमध्ये स्पेनच्या नियामकाने नियम बदलला. सौर प्रकल्पांच्या ज्या इन्व्हर्टरना व्होल्टेज सांभाळणं जमत होतं, त्यांना ते करायची वाट मोकळी झाली.