पाडव्याचा यूएफओ आणि कोलंबियाचा तुकडा

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा नेमका शनिवारी आलेला, त्यामुळे एक सुट्टी फुकट गेली म्हणून अख्खं ऑफिस हळहळत होतं. मी शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुण्याहून परभणीला घरी आलो होतो. श्रीखंड, झोप, परत श्रीखंड असा भरगच्च कार्यक्रम चालू असताना संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जिंतूरहून आत्याचा फोन आला.

"अरे, आभाळातून काहीतरी जळत चाललंय. एकामागं एक दिवे. विमान नाही बघ ते!"

मी लोळत लोळतच सांगितलं, "आत्या, उल्का असेल गं. काही नाही."

मग तिच्या समाधानासाठी गच्चीवर गेलो, पण तोवर सगळं संपलं होतं. खाली आलो तर फॅमिली ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस. कुणी म्हणे शत्रूचं क्षेपणास्त्र, कुणी म्हणे यूएफओ. आणि घरातला एकमेव इंजिनिअर म्हणून मी परत एकदा, या वेळी लेखी, जाहीर केलं: उल्का.

मंडळी, मी साफ चुकलो होतो. आणि चूक अशी की बारावीचं फिजिक्स आठवलं असतं तरी टळली असती. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटरच्या वेगानं वातावरणात घुसते, ७० पर्यंतसुद्धा जाते. बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांत खेळ खलास. व्हिडिओतले दिवे मात्र निवांत, वरातीसारखे रांगेनं आकाश ओलांडत होते. इतक्या सावकाश आणि इतकं आडवं फक्त एकच गोष्ट येते, ती म्हणजे पृथ्वीच्या कक्षेत आधीपासून फिरत असलेली, सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतल्या वेगाची, माणसानं बनवलेली वस्तू.

आणि ती तशीच निघाली. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आसपासच्या गावांत नंतर धातूचे पोकळ गोळे सापडले. त्याच दिवशी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नावाचं रॉकेट उडालं होतं, म्हणून काहींनी त्याच्या नावावर बिल फाडलं. पण कक्षांचा हिशोब ठेवणारे हार्वर्ड-स्मिथसोनियनचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा. वर्षभर घिरट्या घालून तो आमच्या पाडव्याला खाली आला. कडं घरांच्या इतक्या जवळ पडूनही कुणाला खरचटलं नाही हे नशीब.

माझं "काही नाही" मात्र मला टोचत राहिलं. म्हणून पुढचे काही वीकेंड मी वाचत बसलो: अंतराळयानांजवळ दिसलेल्या "उडत्या तबकड्यांचा" इतिहास. यूट्यूबवर त्या विषयात जे मिळतं त्यातलं नव्वद टक्के टाकाऊ आहे, पण उरलेलं भारी आहे.

सुरुवात होते जॉन ग्लेनपासून. २० फेब्रुवारी १९६२ ला तो फ्रेंडशिप ७ मधून पृथ्वीभोवती फिरणारा पहिला अमेरिकन ठरला. कक्षेतल्या सूर्योदयाला त्यानं खिडकीबाहेर पाहिलं तर हजारो चमकते कण यानाभोवती तरंगत होते. त्यानं त्यांना काजव्यांची उपमा दिली. तीन फेऱ्यांत दर सूर्योदयाला काजवे हजर! जमिनीवरच्या लोकांना काही उलगडा होईना. तीन महिन्यांनी, मे १९६२ मध्ये, स्कॉट कार्पेंटर अरोरा ७ घेऊन गेला. त्यालाही कण दिसले. त्यानं काय करावं? आतून यानाच्या भिंतीवर हात आपटला. भस्सकन नवे काजवे बाहेर! यानातून निघालेली वाफ बाहेरच्या पत्र्यावर गोठून हिमकण झाले होते, तेच सुटून उन्हात चमकत होते. मला हा किस्सा अवकाश-इतिहासातला सगळ्यात सुंदर डिबगिंगचा नमुना वाटतो. थिअरी मांडत बसला नाही पठ्ठ्या, सरळ ठोकून पाहिलं.

आता प्रश्न पडेल की सुटलेला कण मागे का पडत नाही? कारण तोही यानाच्याच वेगानं चाललेला असतो. पळत्या रेल्वेत हातातली शेंग सोडली तर ती मागच्या डब्यात जात नाही, पायाशीच पडते. तिथं तर पाय-डोकं असा प्रकारही नाही, म्हणून ती शेंग तुमच्यासोबत तरंगत राहते. हवा नसल्यामुळे धूळ नाही, धूसरपणा नाही, म्हणून दहा फुटांवरचा बर्फाचा कण आणि शंभर किलोमीटरवरचा उपग्रह डोळ्याला सारखाच ठिपका दिसतो. त्यात खिडकीच्या काचेतली प्रतिबिंबं वेगळीच. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये काचेला डोकं टेकवून बसा, आतला निळा दिवा बाहेरच्या शेतांवरून तुमच्याबरोबर पळताना दिसेल.

सप्टेंबर १९९१ मध्ये डिस्कव्हरी शटलच्या (एसटीएस-४८) कॅमेऱ्यानं टिपलेला व्हिडिओ तर या पंथाचा ग्रंथच समजा. एक ठिपका संथ चाललाय, अचानक एक चमक होते, आणि ठिपका झटकन वळून पळ काढतो. खालून कुणीतरी त्याच्यावर शस्त्र चालवलं, अशी कथा रचली गेली. ह्यूस्टनच्या मिशन कंट्रोलमध्ये अनेक वर्षं काम केलेला इंजिनिअर जेम्स ओबर्ग यानं त्याचं उत्तर दिलं. चमक म्हणजे शटलचा स्वतःचाच एक छोटा थ्रस्टर, यानाची दिशा राखण्यासाठी सुटलेला. त्याच्या वायूचा झोत जवळच्या बर्फाच्या कणाला लागला आणि कण उडाला. १९९६ मध्ये कोलंबियाला बांधलेली सुमारे २० किलोमीटर लांबीची तार तुटली, तेव्हाच्या व्हिडिओत तारेभोवती पोहणाऱ्या खाच असलेल्या तबकड्या दिसतात. त्याही कॅमेऱ्याजवळच्या फोकसबाहेर गेलेल्या कणांच्या प्रतिमा. सगळ्या तबकड्यांना सारखीच खाच, म्हणजे खाच तबकडीची नाही, कॅमेऱ्याची.

इथवर वाचून मी खूश होतो. सगळं सुटलं, सगळा बर्फच. टिकेट क्लोज. पण ओबर्गचा एक मुद्दा वाचला आणि पाय जमिनीवर आले. त्याचं म्हणणं असं की मिशन कंट्रोलमधले लोक खिडकीबाहेरच्या ठिपक्यांकडे परग्रहवासी शोधायला नाही, तर आपल्या यानाचं काय तुटलंय हे शोधायला बघतात. ठिपका बर्फ असेल, किंवा नसेल.

नसेल तर काय, याचं उत्तर कोलंबियाच्या शेवटच्या उड्डाणात आहे.

१६ जानेवारी २००३ ला कोलंबिया उडालं. ८१ सेकंदांनंतर बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तो आदळताना फिल्मवर दिसला होता. काही इंजिनिअर्सनी मागणी केली की पंखाचे फोटो कक्षेतून काढून घ्या. वरच्या पातळीवर ती मागणी विरली. फोम हलका असतो, आधीही आदळलाय, काही नाही. १ फेब्रुवारीला परत येताना, उतरायला साधारण १६ मिनिटं उरली असताना, टेक्सासवर यान फुटलं. सातही जण गेले, त्यात कल्पना चावला. मी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागलो होतो. आमच्या परभणीच्या शाळेत फळ्याशेजारी तिचा पेपरातला फोटो हार घालून लावला होता, एवढंच आठवतं. कर्नालची मुलगी आणि आमची शाळा यांचा काय संबंध हे तेव्हा कळलं नव्हतं, पण बाई रडल्या होत्या.

अपघातानंतर अमेरिकन हवाई दलानं रडारच्या जुन्या नोंदी उकरल्या. त्यात सापडलं की उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, यानाजवळ आणखी एक वस्तू होती! हळूहळू दूर जात ती दोन-तीन दिवसांत वातावरणात जळून गेली. खऱ्या अर्थानं "अनआयडेंटिफाइड". प्रयोगशाळेत शटलच्या निरनिराळ्या भागांची रडारवरची सही तपासली गेली तेव्हा सगळ्यात जास्त जुळला तो पंखाच्या कडेच्या कार्बन पॅनेलचा तुकडा. चौकशी मंडळानं शंभर टक्के खात्री दिली नाही. पण पंखाला भोक असल्याचा पुरावा बहुधा चौदा दिवस डेटामध्ये पडून होता आणि त्या चौदा दिवसांत तो कुणी उघडला नाही.

आमच्याकडे लॉगमध्ये रोज हजार वॉर्निंग पडतात. एका प्रोजेक्टमध्ये मी त्यातली एक ओळ सलग आठ दिवस "नेहमीचीच आहे" म्हणून सोडली होती. नवव्या दिवशी सर्व्हर बसला. त्यात फक्त लोकांचा वेळ गेला. पण ते वाचत असताना मला पहिल्यांदा पोटात कळलं की कोलंबियाच्या खोलीत बसलेली माणसं मूर्ख नव्हती, माझ्यासारखीच होती.

नासानं मात्र धडा घेतला. सप्टेंबर २००६ मध्ये अटलांटिस परतायच्या तयारीत असताना कॅमेऱ्यात यानाजवळ एक गडद वस्तू तरंगताना दिसली. बातम्यांत लगेच यूएफओ झालंच. कंट्रोलनं उतरणं एक दिवस पुढे ढकललं, यांत्रिक हाताला कॅमेरा लावून उष्णतारोधक कवच सगळं तपासलं, कुठं इजा नाही हे पाहिलं आणि २१ सप्टेंबरला यान सुखरूप उतरलं. वस्तू बहुधा फटीतून निसटलेली प्लास्टिकची पट्टी होती.

मागच्या दिवाळीत आत्याचा परत फोन आला. या वेळी आभाळात दिव्यांची सरळ माळ, एका ओळीत, आवाज नाही. मला ओठावर आलं होतं, "काही नाही गं, स्टारलिंक." पण विचारलं, "किती वेळ दिसली? कुठून कुठं गेली? तुटत होती का नुसती सरकत होती?"

आत्या म्हणाली, "थांब, तुझ्या मामांनी व्हिडिओ काढलाय, तो बघ आधी."